आढ्यवात आणि त्याचा बाजार

(नभोवाणीवरील भाषण)

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेनें श्रावणांत ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांस कुंपणाच्या आधारानें चढलेली एक वेल आठवत असेल. तिचीं फुलें ज्वालेप्रमाणें वर वळलेलीं, बुडाशीं पिवळीं व शेंड्याकडे तांबडीं असतात, आणि तिच्या पानांचीं टोंकें वळून शेजारच्या झाडास घट्ट धरून बसतात. आम्ही तिला कळलावी म्हणतों. लहानपणीं आई बजावीत असे कीं, तिच्या मुळाला हात लावूं नका, तें विष आहे. आईचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. कळलावीच्या कंदांत व बियांत जें विष आहे त्याचें नांव कॉल्चिसीन. आणि त्याच कॉल्चिसीनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या आज डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणत्याही तालुक्याच्या गांवीं मिळतात. त्या ज्या रोगावर देतात त्या रोगाची, आणि त्याच्या औषधांच्या बाजाराची हकीकत आज सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें सारा जन्म मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. तेव्हां कोणीं काय औषध घ्यावें हें मी सांगणार नाहीं. औषधें कशीं आलीं, तीं कोणीं विकलीं आणि लोक कोठें फसले, एवढेंच सांगेन.

ज्याला गाउट म्हणतात तो हा रोग. मनुष्य रात्रीं सुखानें निजतो, आणि पहांटेच्या सुमारास पायाच्या आंगठ्याच्या मुळाशीं निखारा ठेवल्यासारखी वेदना होऊन जागा होतो. सांधा तांबडाबुंद होतो, सुजतो, आणि त्यावर गोधडीच काय, पण धोतराचा पदरही सहन होत नाहीं. आठ-दहा दिवसांनीं सारें आपोआप ओसरतें. हे 'आपोआप ओसरतें' शब्द श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावे. कारण या रोगाच्या बाजाराचा सारा पाया या दोन शब्दांवर उभा आहे. जो रोग आठ दिवसांत स्वतःच माघार घेतो, त्यावर सातव्या दिवशीं दिलेली चुलींतली राखदेखील रामबाण ठरते.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस या जातीचा विकार ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा आहे. तेथें या रोगास जीं निरनिराळीं नांवें दिलीं आहेत, त्यांत 'आढ्यवात' असें एक नांव येतें. आढ्य म्हणजे संपन्न, धनवान. खारट, आंबट व स्निग्ध पदार्थांचें अतिसेवन, जलचर प्राण्यांचें मांस, मद्य, दिवसा झोंप व रात्रीं जागरण, घोड्या-उंटांवरून फिरणें, हीं कारणें तेथें सांगितलेलीं आहेत. आणि देहानें सुकुमार असणाऱ्यांस हा विकार जडतो असें म्हटलें आहे. उपचारांत गुळवेलीस मोठा मान आहे. शिवाय जळवा, शिंग व अलाबू यांच्या योगें रक्त काढण्यास सांगितलें आहे. अलाबू म्हणजे भोपळा, अर्थात् आपली तुंबडी. आमच्या लहानपणीं बाजारांत वडाखालीं वैदू तुंबड्या मांडून बसत, त्यांच्या हातीं किती जुन्या परंपरेचें टोंक होतें हें तेव्हां आम्हांस काय ठाऊक! मात्र वातरक्त आणि गाउट हे तंतोतंत एकच, असें मानूं नये. वातरक्ताच्या सदरांत सांध्यांचे व त्वचेचे आणखीही विकार येतात.

तिकडे ग्रीस देशांत इसवी सनापूर्वीं चारशें वर्षांच्या सुमारास हिपोक्रॅटिस या वैद्यानें याच रोगाचीं सूक्ष्म निरीक्षणें करून ठेविलीं. मुलांना हा रोग वयांत येण्यापूर्वीं होत नाहीं, स्त्रियांना ऋतु बंद होईपर्यंत होत नाहीं, असें त्यानें लिहिलें, आणि तें सामान्यतः आजही खरें ठरतें. पुढें युरोपांत गाउट हा राजेरजवाड्यांचा व सरदारांचा रोग म्हणून प्रसिद्धीस आला. स्पेनचा बादशहा पांचवा चार्ल्स यास त्यानें इतकें पिडलें कीं, अखेरीस त्याला राज्यकारभाराचा त्याग करावा लागला, त्यांत या दुखण्याचाही वांटा होता. त्याचें एक बोट जतन करून ठेविलेलें होतें. तें शास्त्रज्ञांनीं तपासलें, आणि त्यांत युरिक ॲसिडच्या क्षारांचे स्फटिक सांपडल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. इंग्लंडांतील थोर वैद्य सिडनहॅम यानें १६८३ सालीं गाउटवर ग्रंथ लिहिला, तो स्वतःच्या दुखऱ्या पायाचा अनुभव घेऊन.

आतां औषधाकडे वळूं. कळलावीच्या दूरच्या नात्यांतली एक कंदवनस्पति पश्चिम आशियांत व युरोपांत होते. अरबी व इराणी हकीम तिला सुरंजान म्हणत. काश्मीरच्या डोंगरांतही तिची एक जात उगवते. सहाव्या शतकांतील ट्रालेसच्या अलेक्झांडर नांवाच्या वैद्यानें तिच्या जातीचा कंद सांधेदुखीवर दिला होता. पण तो विषारी असल्यानें युरोपांतील वैद्य पुढें त्याला भिऊं लागले व त्याचा वापर मागें पडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हुसाँ नांवाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें एक 'औषधी जल' बाजारांत आणलें. त्यांत काय आहे हें तो कोणास सांगेना. गाउटच्या रोग्यांना त्यानें झपाट्यानें आराम पडे, म्हणून बाटलीस मागतील ती किंमत मिळे. शेवटीं १८१४ सालीं वाँट नांवाच्या इंग्रज वैद्यानें त्यांतील गुपित म्हणजे हाच जुना कंद होय असें दाखवून दिलें. पुढें १८२० सालीं पेल्तिए व काव्हाँतू या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं त्यांतील सत्त्व वेगळें काढलें. हिवतापावरचें क्विनीन वेगळें काढणारेही हेच दोघे, आणि तेंही त्याच सालीं!

या हकीकतींत एक धडा आहे, तो पुढें पुन्हां पुन्हां गिरविला गेला. वस्तु जुनीच असते. तिच्यावरचें गुपित मात्र नवें असतें, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतो तो त्या गुपिताचे.

दरम्यान रोगाचें कारण उलगडत होतें. १७७६ सालीं शेले या स्वीडिश रसायनज्ञास मूतखड्यांत युरिक ॲसिड सांपडलें. १७९७ सालीं वोलॅस्टन या इंग्रजानें गाउटच्या गांठींत त्याच अम्लाचा क्षार असल्याचें सिद्ध केलें. १८४८ सालीं लंडनच्या गॅरॉड या डॉक्टरानें रोग्यांच्या रक्तांतच हें अम्ल प्रमाणाबाहेर असतें असें दाखविलें. त्याची परीक्षा मोठी गमतीची होती. रक्तांतील निवळ पाणी उथळ कांचेच्या बशींत घ्यावयाचें, त्यांत थोडें ॲसेटिक ॲसिड घालावयाचें, तागाच्या कापडाचा एक धागा त्यांत बुडवून ठेवावयाचा, आणि एक-दोन दिवसांनीं पाहावयाचें. अम्ल जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक धरलेले दिसत. जशी साखरेच्या पाकांत दोऱ्यावर खडीसाखर धरते तशी. आज जी तपासणी यंत्र कांहीं मिनिटांत करतें, तिची पणजी म्हणजे हा धागा.

हें अम्ल येतें कोठून? आपल्या शरीरांतील पेशी झिजतात, त्यांतून. आणि कांहीं अंशीं अन्नांतून. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरांत त्याचें आणखी विघटन करणारें एक द्रव्य असतें. मनुष्य व त्याचे निकटचे वानर यांनीं तें लाखों वर्षांपूर्वीं गमावलें. म्हणून आपणांस तें मुख्यतः मूत्रपिंडांवाटें बाहेर टाकावें लागतें. रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत सुमारें ६.८ मिलिग्रॅमपर्यंत तें विरघळून राहूं शकतें. त्याहून वाढलें कीं स्फटिक धरण्याचा संभव उत्पन्न होतो. पायाचा आंगठा हृदयापासून दूर व थंड, म्हणून साखळ तेथें लवकर जमते. आणि हेंही सांगावयास पाहिजे कीं, बहुसंख्य रोग्यांत दोष अधिक खाण्याचा नसून मूत्रपिंडांच्या कमी निचऱ्याचा असतो. बिचाऱ्या रोग्यास खादाड म्हणून हिणविण्याची जी चाल पडली आहे, ती अन्यायाची आहे.

गॅरॉडच्या शोधाबरोबर बाजारही जागा झाला. लिथियम या धातूच्या क्षारांत युरिक ॲसिड कांचेच्या नळींत विरघळतें, असें दिसून आलें होतें. झालें! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंत 'लिथियाचें पाणी' बाटल्यांनीं विकलें जाऊं लागलें. पुढें अमेरिकेंत अशा एका पाण्याचा खटला न्यायालयांत गेला. तेव्हां असें निघालें कीं, त्या पाण्यांतून लिथियमची औषधापुरती मात्रा मिळवावयाची तर माणसास दररोज लाखाहून अधिक गॅलन पाणी प्यावें लागेल! नळींत जें घडतें तें देहांत घडतेंच असें नाहीं, हें त्या न्यायालयांत उघड झालें.

आपल्याकडे औषधांचा छापील बाजार याच काळांत उभा राहिला. १८७२ सालीं पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर कारखाना काढला. १८९३ सालीं मुंबईंत अमृतांजन निघालें, १९१० सालीं झंडू फार्मसी निघाली. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्यासारख्या विद्वानांनीं मराठींत ग्रंथ लिहून आयुर्वेद घरोघर पोंचविला. हा प्रामाणिक उद्योग झाला. परंतु त्याच्याच सांवलींत वर्तमानपत्रांच्या मागच्या पानावरून 'वात समूळ नष्ट' करणाऱ्यांचाही धंदा वाढला. १९३० सालीं कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें औषधांची चौकशी-समिति नेमली. त्यांतून १९४० चा औषधांचा कायदा झाला. १९५४ सालीं चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींस बंदी करणारा कायदा आला; त्याच्या परिशिष्टांतील रोगांत संधिवात व मूतखडा हे दोन्ही आहेत. १९६४ सालीं आयुर्वेदिक औषधेंही औषध-कायद्याच्या कक्षेंत घेण्यांत आलीं. कायदा असा पुस्तकांत सत्तर वर्षें आहे. पण आठवड्याच्या बाजारांत पुस्तक घेऊन कोण जातो?

खरा उपाय १९६६ सालीं आला. जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन हे दोघे अमेरिकन संशोधक कर्करोगाच्या एका औषधाचा जोर वाढविण्यासाठीं एक द्रव्य पाहात होते. तें द्रव्य युरिक ॲसिडची निर्मितीच थांबवितें असें त्यांना आढळलें. तें ॲलोप्युरिनॉल. १९८८ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत या कामाचाही वांटा होता. आपल्या देशांत १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधें स्वस्त करण्यास वाट मोकळी केली. ॲलोप्युरिनॉल सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहे आणि त्याच्या किंमतीस वरची मर्यादा आहे. श्रीमंतांचा रोग, आणि औषध गरिबाच्या खिशांत मावणारें! पण जेथें असें बंधन नाहीं तेथें काय होतें, तेंही पाहा. अमेरिकेंत २००९ सालीं एका कंपनीस कॉल्चिसीनच्या गोळीची विक्री करण्याचा एकट्याचा हक्क मिळाला. तेव्हां दहा सेंटांच्या आंत मिळणारी गोळी जवळजवळ पांच डॉलरांस गेली. कंद दीड हजार वर्षांचा जुना. किंमत मात्र नव्या कागदाची.

आतां आमच्या मुलखाकडे येऊं. भोर हें पंतसचिवांचें संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड व पवनमावळ असे त्याचे पांच तालुके होते. ८ मार्च १९४८ रोजीं तें विलीन झालें. वेल्हें तालुका त्याच मावळांतला. त्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला. आमच्या आजोबांच्या तोंडीं रोगांचीं नांवें असत तीं हिवताप, नारू व देवी यांचीं. नाचणीची भाकरी, वरईचा भात, पावसाळ्यांत ओढ्यांतले खेकडे, आणि दिवसभर चढउतार. अशा माणसास आढ्यवात कोठून होणार? १९९६ सालीं आमच्याच पुणें जिल्ह्यांत भिगवण येथें डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मंडळींनीं घरोघर जाऊन सांध्यांच्या रोगांची पाहणी केली. अंगदुखी व सांधेदुखी सांगणारे पुष्कळ निघाले. पण खरा गाउट फारच थोड्यांत होता. त्यानंतर काळ पालटला. पुणें-सातारा रस्त्यावर खानावळी झाल्या, गोड पेयांच्या बाटल्या डोंगरवाड्यांत पोंचल्या, अंगमेहनत उतरली, आणि रक्तदाब व मधुमेह यांच्यामागून युरिक ॲसिडही घरांत शिरलें. 'आढ्य' हा शब्द आतां उरला नाहीं. वात तेवढा राहिला.

येथें मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, वेल्ह्याकडच्या एका गांवीं भातशेती करीत. पन्नाशी उलटल्यावर त्यांचा आंगठा असाच एका रात्रीं पेटला. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांनीं रोग बरोबर ओळखला, ॲलोप्युरिनॉल दिलें व नियमानें घेण्यास सांगितलें. परंतु या औषधाचा एक स्वभाव आहे. तें सुरू केल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत सांध्यांतील जुने स्फटिक सुटूं लागतात, आणि त्यामुळें झटके उलट वाढूं शकतात. म्हणूनच डॉक्टर बेतानें मात्रा वाढवितात व जोडीला दुसरी गोळी देतात. हें दादांस कोणीं समजावून सांगितलें असेल वा नसेल. त्यांच्या ध्यानांत राहिलें नाहीं हें खरें. तिसऱ्या झटक्यास ते म्हणाले, "मास्तर, ह्या गोळ्यांनींच पाय जातोय." नेमक्या त्याच वेळीं बाजारांत एकानें त्यांना एक चूर्ण दिलें. पुडीवर नांव नाहीं, घटक नाहींत. अट एकच, इंग्रजी गोळ्या बंद. दोन दिवसांत सूज उतरली. दादा डोंगर चढूं लागले. चेहरा भरला, भूक वाढली. सारे म्हणूं लागले, औषध मानवलें. पुढें पुड्या टपालानें मागवीत. दादांस लिहिण्याचा कंटाळा. म्हणून तीं पत्रें मीं लिहिलीं, आणि मनिऑर्डरीचे फॉर्म मीं भरले. दीड वर्ष.

मग पाय सुजले, साखर वाढली, आणि पुण्यास नेल्यावर कळलें कीं मूत्रपिंडें निकामी होत चाललीं आहेत. डॉक्टरांनीं चेहऱ्याची ती गोलाई पाहूनच विचारलें, "पुड्या घेत होतां काय?" अशा चूर्णांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषधें गुपचूप मिसळलेलीं आढळतात; त्यांनीं सूज उतरते, पण रक्तांतील युरिक ॲसिड जेथल्या तेथेंच राहतें आणि आंतून घर पोखरीत असतें. आमच्याजवळ तपासावयास एकही पुडी उरली नव्हती. सव्वादोन वर्षें आठवड्यांतून दोनदां त्यांचें रक्त यंत्रानें शुद्ध करून घ्यावें लागलें, आणि मग दादा गेले. पुडींत काय होतें, हें मी आजही शपथेवर सांगूं शकत नाहीं. मुलांना चाळीस वर्षें 'वाचून पाहा, मग सही करा' असें शिकविणाऱ्या मास्तरानें ज्या पुडीवर वाचावयास एक अक्षरही नव्हतें ती मागविली, एवढें मात्र शपथेवर सांगतों.

याच्या अगदीं उलट गोष्ट माझी स्वतःची. दादांच्या पश्चात् घाबरून मीं एका तपासणी-शिबिरांत रक्त दिलें. आंकडा आला ७.३. मला आंगठा दुखल्याचें आठवत नाहीं, मूतखडा नाहीं. तरी शिबिरांतल्या माणसानें तीन महिन्यांच्या औषधाचें गांठोडें हातीं दिलें व सांगितलें, डाळ बंद, हरभरा बंद, पालक बंद. वर्षभर मीं वरणाशिवाय भात खाल्ला. अंगांतली ताकद गेली तेव्हां रुग्णालयांत गेलों. तेथल्या तरुण डॉक्टर बाई हंसल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हांला आंकडा आहे, रोग नाहीं." ज्यांस झटका आलेला नाहीं त्यांना केवळ आंकड्यासाठीं बहुधा औषध देत नाहींत; आणि डाळी व भाज्या यांनीं गाउट वाढत नाहीं असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिसून आलें आहे. मांस, कांहीं मासळी, बीअर आणि गोड पेयें यांचा मात्र संबंध आहे. मग त्यांनीं माझी रक्तदाबाची गोळी पाहिली. ती लघवी वाढविणाऱ्या जातीची होती, आणि अशा गोळीनें युरिक ॲसिड वाढतें! त्यांनीं ती बदलून दिली. पुढच्या तपासणींत आंकडा उतरला. गांठोडें मीं पुरून टाकलें.

श्रोतेहो, दादांना रोग होता आणि त्यांनीं औषध सोडलें. मला रोग नव्हता आणि मीं औषध घेतलें. बाजारास दोघेही सारखेच. एकाची वेदना त्यानें विकत घेतली, दुसऱ्याचें भय. हुसाँच्या बाटलीपासून दादांच्या पुडीपर्यंत अडीचशें वर्षें गेलीं, पण विकणाऱ्याचीं तीन वाक्यें बदललीं नाहींत: यांत काय आहे तें विचारूं नका, दुसरें सारें बंद करा, आणि रोग मुळापासून जाईल.

म्हणून शेवटीं विनंति एवढीच. सांधा सुजला तर रुग्णालयांत जावें. ॲलोप्युरिनॉल सुरू असतां झटका आला तर तें आपल्या मनानें सोडूं नये. मात्र अंगावर पुरळ उठलें तर तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे धांव घ्यावी. गुळवेल घ्यावयाची तर ती जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावी. कळलावीच्या वाटेस तर मुळींच जाऊं नये. जें औषध कारखान्यांत अर्ध्या मिलिग्रॅमच्या तोलानें मोजतात, तें कुंपणावर हातानें मोजतां येत नाहीं. आणि ज्या पुडीवर घटक छापलेले नाहींत ती घरांत घेऊं नये, मग देणारा कितीही गोड बोलो.

या श्रावणांत मी पुन्हां वेल्ह्याच्या वाटेनें गेलों होतों. दादांच्या बांधावर कळलावी फुलली होती. बरोबर नातू होता. त्यानें फूल तोडण्यास हात पुढें केला, तेव्हां आईचे शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाले. त्यानें विचारलें, "आजोबा, विष आहे तर मग औषध कसें?" मीं त्याला बांधावर बसविलें आणि हीच सारी हकीकत सांगितली. पुड्यांचीं पत्रें कोणीं लिहिलीं, तेंही सांगितलें.